तोडायचं की राखायचं? देशी झाडं, लाकूड आणि पुढची पन्नास वर्षं

प्रश्न असा आला होता: "पुढच्या पन्नास वर्षांत जंगल आणि लाकूड या धंद्याचं काय होणार? सगळीकडे देशीच झाडं लावली तर लाकडाची गरज भागेल का, की लाकूड वापरणंच बंद करावं? आणि माझ्याकडे दोन हेक्टर पडीक जमीन आहे, तिथे नेमकं काय लावू?"

हे खरं तर चार प्रश्न आहेत आणि शेवटचा सोडला तर प्रत्येकावर भांडणं होतात. मी नर्सरीत, लागवडीवर, जंगलात मार्किंगला (कुठली झाडं तोडायची त्यांच्यावर खूण करायला) आणि पुढे सॉ मिलमध्ये, अशा सगळ्या टोकांना उभं राहून काम केलंय, त्यामुळे माझी मतं जरा मिसळलेली आहेत आणि उत्तर लांबणार आहे.

आधी सरळ सांगतो, लाकूड वापरणं बंद करायची काहीच गरज नाही. दोन हिशोब मात्र जुळले पाहिजेत. एक, जंगलात दरवर्षी जेवढं लाकूड नव्याने वाढतं त्यापेक्षा कमी कापायचं. दोन, झाडाला वाढायला जितकी वर्षं लागली निदान तितकी वर्षं तरी ते लाकूड कुठेतरी वापरात राहिलं पाहिजे. पहिल्या हिशोबावर सगळे बोलतात, दुसऱ्याबद्दल कोणी विचारतच नाही, साठ वर्षांचं झाड कापून पाच वर्षांत फेकायचं टेबल बनवतात आणि वर त्याला इको-फ्रेंडलीचा शिक्का.

पहिला हिशोब जुनाच आहे. १७१३ साली जर्मनीतल्या सॅक्सनीमध्ये हान्स कार्ल फॉन कार्लोविट्झ नावाच्या खाण अधिकाऱ्याने वनशास्त्रावर पुस्तक लिहिलं. चांदीच्या खाणींना आधाराला आणि भट्ट्यांना जाळायला इतकं लाकूड लागत होतं की आजूबाजूचे डोंगर बोडके झाले होते, तेव्हा त्याने लिहिलं की वाढेल तेवढंच कापा आणि कापलं की लावा. आज आपण जो सस्टेनेबल शब्द उठसूट वापरतो त्याचा उगम बरेच जण तिथे धरतात. पण गंमत पुढे आहे. त्या हिशोबाच्या नादात जर्मन लोकांनी पुढची दोनशे वर्षं स्प्रूस आणि पाइन या सुईसारख्या पानांच्या झाडांच्या सरळ रांगाच रांगा लावल्या, कारण एकाच जातीची, एकाच वयाची झाडं मोजायला सोपी, कापायला सोपी, विकायला सोपी. कागदावर हिशोब इतका चोख की जगभरच्या वनखात्यांनी तोच धडा गिरवला.

मग २०१८ ते २०२० अशी सलग कोरडी वर्षं आली. स्प्रूस उथळ मुळांचं झाड, पाणी तुटलं की त्याचा चीक कमी होतो, आणि सालीखाली घुसणाऱ्या भुंग्याला बाहेर ढकलायला त्या चिकाशिवाय त्याच्याकडे दुसरं हत्यार नाही. भुंगा लागलाय हे ओळखायची खूण म्हणजे बुंध्याशी सालीच्या खपल्यांवर कॉफीच्या पुडीसारखा बारीक तपकिरी भुसा पडलेला दिसतो, आणि तो दिसेपर्यंत बहुतेक वेळा उशीर झालेला असतो, कारण वर शेंडा हिरवा असला तरी सालीखाली बोगद्यांची जाळी झालेली असते. एका झाडातून निघालेले भुंगे शेजारच्या झाडावर जातात आणि शेजारचं झाडही त्याच जातीचं, त्याच वयाचं, तितकंच तहानलेलं. उपग्रहाच्या चित्रांवरून काढलेला अंदाज असा की २०१८ पासून २०२१ च्या सुरुवातीपर्यंत जर्मनीत ५ लाख हेक्टरच्या आसपास झाडं गेली. हार्झ पर्वतात डोंगरच्या डोंगर करडे पडले.

आता इथे एक गोष्ट लक्षात घ्या, कारण तुमच्या प्रश्नाची गाठ इथेच आहे. स्प्रूस हे युरोपातलं देशी झाड आहे! फक्त ते मुळात थंड, ओल्या, उंच डोंगरावरचं, आणि माणसाने ते खाली आणून बीच आणि ओक या रुंद पानांच्या झाडांच्या जागी लावलं. म्हणजे झाड देशी असूनही जागा चुकली, शेजार चुकला आणि वय एकसारखं ठेवलं की व्हायचं ते झालंच. म्हणून कोणी मला "देशी की विदेशी" विचारलं की मी उलटा प्रश्न विचारतो, कुठल्या जागेला देशी? निलगिरी ऑस्ट्रेलियात देशीच आहे की, सातशेच्या वर जाती आहेत तिच्या, तिथे ती जंगल धरून उभी आहे, तिच्या पानांवर जगणारे प्राणी आहेत, तिचा पालापाचोळा कुजवणारी बुरशी आहे. तीच निलगिरी दुसऱ्या खंडावर नेऊन लावली की खालचा पाला महिनोन्महिने तसाच पडून राहतो कारण तो खाणारं तिथे फारसं कोणी नसतं. देशीपण झाडाच्या जातीत नसतं, झाड आणि जागेच्या नात्यात असतं, सोयरीक जुळावी लागते.

तरीही विदेशी झाडं इतकी पसरली त्याला कारणं आहेत आणि ती सगळीच मूर्खपणाची नाहीत. रेडियाटा पाइन घ्या. मूळचं कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरच्या जेमतेम तीन ठिकाणचं आणि मेक्सिकोच्या दोन बेटांवरचं झाड, स्वतःच्या गावी काही खास नाही, पण न्यूझीलंडमध्ये नेल्यावर असं काही वाढलं की आज तिथल्या लावलेल्या जंगलातला ९० टक्क्यांच्या आसपास भाग एकट्या याच झाडाचा आहे. साधारण तीस वर्षांत कापायला तयार. त्यामुळे तिथल्या रिमू, तोतारासारख्या शेकडो वर्षांच्या देशी झाडांवरचा कुऱ्हाडीचा ताण खूप कमी झाला, हे मान्य करावंच लागेल. पण २०२३ च्या फेब्रुवारीत गॅब्रिएल वादळ आलं तेव्हा तिथल्या पूर्व किनाऱ्यावर तीव्र उतारांवरचं तोडीनंतर पडून राहिलेलं लाकूड, फांद्या, ओंडके सगळं नद्यांमधून वाहत खाली आलं, पूल अडले, शेतं गाडली गेली, समुद्रकिनारे ओंडक्यांनी भरले. अख्खा उतार एका फटक्यात साफ करायचा हीच तिथली चूक होती, पाइनच्या जागी देशी झाडं लावून तशीच साफ केली असती तरी माती धुपलीच असती.

जगाचा आकडा बघितला तर जागतिक अन्न व कृषी संघटनेच्या २०२० च्या पाहणीत पृथ्वीवर ४०६ कोटी हेक्टर जंगल धरलंय, जमिनीच्या ३१ टक्के. त्यातलं ९३ टक्के आपोआप उगवून आलेलं, माणसाने लावलेलं फक्त ७ टक्के. आणि लावलेल्यातही ज्याला आपण खरं प्लांटेशन म्हणतो, म्हणजे रांगेत, एक-दोन जाती, ते ३ टक्क्यांच्या आसपास. पण बाजारात येणाऱ्या लाकडातला खूप मोठा वाटा या छोट्याशा तुकड्यातून येतो. माझं मत स्पष्ट आहे, कागदाचा लगदा, प्लायवूड, पॅकिंगची खोकी यासाठी वेगाने वाढणारी प्लांटेशन्स लागणारच, ती आधीच उजाड झालेल्या, सपाट, पाण्याची टंचाई नसलेल्या जमिनीवर राहू द्या. पण त्याला जंगल म्हणू नका, ते झाडांचं शेत आहे. शेताला शेत म्हटलं की निम्मी भांडणं मिटतात. उभं नैसर्गिक जंगल किंवा माळरान मोडून तिथे प्लांटेशन करायचं आणि हिरवळ वाढली म्हणून सांगायचं, ही मात्र फसवणूक आहे. माळरानाचं तर कोणीच ऐकत नाही, गवताळ जमीन दिसली की लोकांना तिथे खड्डेच दिसतात.

आता मिश्र जंगल. लोकांना वाटतं मिश्र म्हणजे पर्यावरणासाठी चांगलं पण उत्पन्न कमी. चीनमध्ये २००९-१० च्या सुमाराला एक भला मोठा प्रयोग लावला, दीड लाखाच्या वर झाडं, काही प्लॉटमध्ये एकच जात, काहीत दोन, चार, आठ, सोळा. त्याचे निष्कर्ष २०१८ मध्ये आले. आठ वर्षांनी सोळा जातींच्या प्लॉटमध्ये साठलेला कार्बन एका जातीच्या सरासरी प्लॉटपेक्षा दुपटीहून जास्त निघाला. कारण तसं गूढ नाही, कोणाची मुळं खोल कोणाची वरवर, कोणाला भर ऊन हवं कोणी सावलीत तग धरतं, एकाची कीड दुसऱ्याला लागत नाही. जमीन तीच, पण ऊन आणि पाणी वेगवेगळ्या मजल्यांवर वापरलं जातं.

बरं, प्रयोग सोडा, प्रत्यक्ष चाललेली दोन उदाहरणं देतो जी मला स्वतःला फार आवडतात.

स्वित्झर्लंडमध्ये कूवे नावाचं गाव आहे. तिथे आंरी बिओले नावाच्या वनाधिकाऱ्याने १८९० मध्ये गावच्या जंगलातलं ठरावीक जाडीच्या वरचं प्रत्येक झाड मोजायला सुरुवात केली, आणि काही वर्षांच्या अंतराने पुन्हा मोजत राहायचं, आलेल्या वाढीवरून पुढच्या वेळी किती आणि कुठलं कापायचं ते ठरवायचं. अख्खा पट्टा साफ असा कधी करायचाच नाही. फर, स्प्रूस, बीच, आजोबांपासून नातवंडांपर्यंत सगळ्या वयाची झाडं एकाच एकरात. तिथली मोजणी पिढ्यान्‌पिढ्या चालू राहिली. यात यंत्र नाही की भारी टेक्नॉलॉजी नाही, एक कॅलिपर (बुंध्याची जाडी मोजायचं साधन) आणि एक वही, पण वही सोडायची नाही ही शिस्त. आपल्याकडे काय किंवा कुठेही काय, योजना लावण्यासाठी असते, मोजण्यासाठी नसते.

दुसरं अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमधल्या मेनॉमिनी या मूळ रहिवाशांचं जंगल. १८५४ मध्ये त्यांना ती राखीव जमीन मिळाली तेव्हा उभं लाकूड अंदाजे सव्वाशे कोटी बोर्ड फूट होतं (बोर्ड फूट म्हणजे एक फूट बाय एक फूट, एक इंच जाड फळी). तेव्हापासून त्यांनी २०० कोटी बोर्ड फुटांपेक्षा जास्त लाकूड कापून विकलंय, १९०८ पासून स्वतःची सॉ मिल चालवतायत, आणि आज उभं असलेलं लाकूड सुरुवातीपेक्षा जास्त आहे! परत वाचा हवं तर. त्यांच्यात परंपरेने असं सांगतात की सूर्य उगवतो त्या बाजूने तोडायला लागा, फक्त म्हातारी, आजारी आणि पडलेली झाडं घेत घेत मावळतीकडे जा, टोकाला पोचलात की वळा आणि परत उगवतीकडे चालू लागा, झाडं कधी संपणार नाहीत. उपग्रहाच्या फोटोत त्यांच्या जमिनीची हद्द गडद हिरव्या चौकटीसारखी उठून दिसते. लोक म्हणतात जंगल वाचवायचं तर कुऱ्हाड बंद करा, इथे तर कुऱ्हाड पावणेदोनशे वर्षं चालूच आहे.

हे जमतं कसं, ते मार्किंगच्या दिवशी कळतं. नवीन पोरं माझ्याबरोबर जंगलात यायची तेव्हा पहिली चूक सगळ्यांची एकच, सगळ्यात सरळ जाड झाडाला रंगाचा पट्टा मारायचा, कारण त्यात पैसे दिसतात. मी त्यांना म्हणायचो आधी झाडाकडे बघूच नका, खाली बघा. खाली त्याचीच पोरं उगवलीत का, गुडघ्याएवढी, कमरेएवढी? असतील तर हे कापल्यावर जागा भरणारं कोणीतरी आहे. नसतील तर ते झाड अजून बियाणं आहे, त्याला हात लावायचा नाही. मग वर बघा, हे काढलं तर ऊन कोणाच्या डोक्यावर पडणार? चांगल्या रोपाच्या की घाणेरीच्या? आणि मग शेवटी बुंध्याकडे, पोकळ आहे का, वाकडं आहे का, शेजाऱ्याला दाबतंय का. बऱ्याचदा असं व्हायचं की दिवसभर फिरून जी झाडं निघायची ती वाकडी, दुशाखी, मध्यम, ज्यांना भाव कमी, आणि सरळ देखणं झाड उभंच राहायचं अजून वीस वर्षं जाड व्हायला. ठेकेदार अशा वेळी माझ्याकडे ज्या नजरेने बघायचा ती मला अजून आठवते. पण चांगली झाडं आधी आणि वाईट मागे ठेवायची हा उलटा क्रम दोन-तीन फेऱ्या चालला की जंगलात बियाणंच वाकडं उरतं, आणि जगातली कितीतरी जंगलं अशीच भिकेला लागली, नकाशावर हिरवी, आत दम नाही.

विरळणीची, म्हणजे दाटीतली काही झाडं काढून बाकीच्यांना जागा द्यायची, छाती पाहिजे एवढंच सांगतो. लावलेली सगळी झाडं तशीच ठेवली तर सगळीच काठ्या होतात. झाडावर माया आहे म्हणून विरळणी न करणारे लोक मी खूप पाहिलेत आणि त्यांची रोपवनं बघून वाईट वाटतं.

आता देशी रोपं लावण्याबद्दल, कारण इथे सगळ्यात जास्त पैसा वाया जातो. बियाणं ही पहिली अडचण. विदेशी जातींचं निवडक बियाणं गोदामात वर्षं-वर्षं टिकतं, हवं तेव्हा हव्या त्या प्रमाणात मिळतं. सालवृक्षाचं बी झाडावरून पडल्यापासून आठवडाभरात मरतं. आग्नेय आशियातल्या त्याच कुळातल्या मोठ्या वृक्षांना तर दरवर्षी बी येतच नाही, काही वर्षांनी एकदा सगळं जंगल एकदम फळतं. मग ज्याचं बी सोपं ते नर्सरीत वाढतं आणि "देशी लागवड" म्हणजे पुन्हा त्याच सात-आठ सोप्या जाती. त्यातही सगळं बी रस्त्याकडेच्या एकाच मोठ्या झाडाखालून गोळा केलेलं, म्हणजे सगळी सख्खी भावंडं, पुढे त्यांच्यातच परागीकरण. मी निदान पंचवीस-तीस वेगवेगळ्या, एकमेकांपासून लांब असलेल्या मातृवृक्षांचं बी मिसळल्याशिवाय एक वाफासुद्धा भरत नाही, वेळ लागतो, लागू दे. आणि हवामान बदलतंय तर त्यातला थोडा भाग जरा जास्त उष्ण, कोरड्या भागातल्या त्याच जातीच्या झाडांचा घेतो. पुढे कोणाचं जमेल ते आज सांगता येत नाही, त्यामुळे सगळे पत्ते एकाच रंगाचे कशाला.

दुसरी अडचण पिशवीची. माझी स्वतःची चूक सांगतो. सुरुवातीच्या वर्षांत एका लागवडीला आम्हाला जुनी रोपं मिळाली, काळ्या प्लॅस्टिकच्या लहान पिशवीत दोन वर्षं राहिलेली, वर मस्त तीन फूट उंच, हिरवीगार, सगळे खूश. पिशवी ब्लेडने कापली, मातीचा गोळा तसाच खड्ड्यात, पाणी, फोटो. जगण्याचं प्रमाण उत्तम आलं म्हणून कौतुकही झालं. सात-आठ वर्षांनी एका वादळात त्यातली झाडं एकामागून एक आडवी झाली, मनगटाएवढ्या बुंध्याची, चांगली दोन पुरुष उंच. उपटलेलं एक झाड उलटं करून बघितलं तर मुळं पिशवीच्या आकारात गोल गोल गुंडाळलेली, स्प्रिंगसारखी, जाड होता होता त्यांनी एकमेकांचा गळा आवळलेला, सोटमूळ तळाशी आडवं वळून तिथेच थांबलेलं. झाडाने आठ वर्षं त्या पिशवीतच काढली होती म्हणा ना, पिशवी नसताना. तेव्हापासून मी रोप विकत घेताना वर बघत नाही, एक-दोन पिशव्या फाडून मुळं बघतो, नर्सरीवाल्याला राग आला तर येऊ दे. उंच जुन्या रोपापेक्षा फूटभर उंचीचं, सरळ मुळाचं, या हंगामातलं रोप केव्हाही बरं. खाली उघड्या, उभ्या खाचांच्या ट्रेमधलं मिळालं तर अजून चांगलं, हवेला मूळ लागलं की टोक आपोआप वाळतं आणि वळत नाही.

तिसरी गोष्ट खरं म्हणजे पहिली असायला हवी होती. लावायची गरज आहे का हेच आधी बघा. पश्चिम आफ्रिकेत नायजर देशात १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला टोनी रिनॉडो नावाचा ऑस्ट्रेलियन माणूस झाडं लावून लावून थकला होता, बहुतेक रोपं मरायची. एकदा त्याच्या लक्षात आलं की शेतात जी झुडपं म्हणून दुर्लक्षिली जातात ती झुडपं नाहीतच, जुन्या तोडलेल्या झाडांच्या खुंटांना आलेले फुटवे आहेत, मुळं खाली जिवंत आहेत. मग शेतकऱ्यांनी प्रत्येक खुंटावरचे दोन-चार जोमदार फुटवे ठेवायचे, बाकीचे छाटायचे, गुरांपासून जपायचं, एवढंच केलं. आज त्या देशात अशा पद्धतीने सुमारे ५० लाख हेक्टरवर झाडं परत आली असं मानलं जातं, ना नर्सरी ना टँकर. खर्च जवळपास मजुरीपुरता. हा प्रकार प्रसिद्धीला वाईट, कारण मान्यवरांच्या हस्ते फुटवे छाटण्याचा कार्यक्रम होत नाही.

मियावाकीबद्दल लोक हमखास विचारतात म्हणून दोनच ओळी. जपानी वनस्पतिशास्त्रज्ञ अकिरा मियावाकी यांचा मूळ विचार, म्हणजे त्या जागेचं नैसर्गिक जंगल कसं असतं ते शोधून त्याच जाती दाट लावायच्या, हा चांगला आहे. शहरातल्या छोट्या तुकड्याला ठीक. मोठ्या क्षेत्राला खर्च परवडत नाही, आणि लाकडासाठी तर ती पद्धत नव्हेच.

आता लाकडाकडे येतो, माझ्या जिव्हाळ्याचा विषय.

जगात दरवर्षी साधारण ४०० कोटी घनमीटर लाकूड तोडलं जातं आणि त्यातलं निम्म्याच्या आसपास जळतं, चुलीत नाहीतर कोळसा होऊन. चुलीतल्या लाकडाबद्दल बोट दाखवायचा कोणाला अधिकार नाही, ज्याच्याकडे दुसरं इंधन नाही तो काय करणार. उरलेल्या निम्म्याबद्दल मात्र बोलता येतं. सुक्या लाकडाच्या वजनात निम्मा कार्बन असतो. घनमीटरला ५०० किलो भरणारं लाकूड धरा, म्हणजे २५० किलो कार्बन, म्हणजे हवेतला ९०० किलोच्या वर कार्बन डायऑक्साइड त्या एका घनमीटरात कोंडलेला. तो तुळई होऊन शंभर वर्षं छतात राहिला तर शंभर वर्षं कोंडलेला, लगदा होऊन टिश्यू पेपर झाला तर थोड्याच काळात मोकळा. झाड तेच. जपानमधल्या होर्यूजी मंदिराच्या पॅगोडाचा मधला खांब बघा, वर्तुळं मोजून काढलेलं झाडाच्या तोडीचं साल ५९४ निघालं, आणि तो खांब अजून उभा आहे. याला म्हणतात लाकूड वापरणं.

म्हणून माझा आग्रह असा की चांगलं लाकूड आधी तुळई, खांब, दारं, ती उतरली की फळ्या, फळ्यांच्या उरलेल्या तुकड्यांचं फर्निचर, भुशाचा बोर्ड, आणि अगदी शेवटी जाळायचं. सरळ उलट्या क्रमाने आज बऱ्याच ठिकाणी होतंय, चांगले गोल ओंडके सरळ पेलेट (भुसा दाबून केलेल्या जळाऊ गोळ्या) करून वीजघरात जातात आणि कागदावर ती स्वच्छ ऊर्जा ठरते.

उंच लाकडी इमारतींची हवा आहे सध्या. क्रॉस लॅमिनेटेड टिंबर म्हणजे फळ्यांचे थर एकावर एक आडवे-उभे चिकटवून केलेले जाड पॅनेल, ऑस्ट्रिया आणि जर्मनीत १९९० च्या दशकात तयार झालं. नॉर्वेतली म्यॉस्टॉर्नेट इमारत २०१९ मध्ये ८५ मीटर उंच झाली, २०२२ मध्ये अमेरिकेत मिलवॉकीला २५ मजल्यांची असेंट तिच्याही वर गेली. लोक पहिला प्रश्न आगीचा विचारतात. जाड लाकूड मिनिटाला पाऊण मिलिमीटरपेक्षाही कमी वेगाने जळतं, बाहेर कोळशाचा थर बनतो आणि तोच आतल्या लाकडाला झाकतो, त्यामुळे किती मिनिटांनी किती जाडी उरेल याचा हिशोब आधीच करून तुळई तेवढी जास्त जाड ठेवता येते. मला काळजी आगीची नाही, पाण्याची आहे. गळका पाइप दिसला नाही आणि पॅनेल आतून ओलं राहिलं की बुरशी. लाकूड भिजलं तर बिघडत नाही, भिजलेलं राहिलं तर बिघडतं, सुताराला हे आजही आर्किटेक्टपेक्षा जास्त कळतं असं माझं मत आहे, राग मानू नका.

एक गैरसमज दूर करायचाय. "हळू वाढलेलं लाकूड मजबूत, पटकन वाढलेलं फुसकं" हे सगळ्या झाडांना लागू नाही. पाइन-स्प्रूससारख्या सूचिपर्णीत रुंद वर्तुळं म्हणजे बहुतेक वेळा हलकं लाकूड, खरं आहे. पण सागात किंवा ओकमध्ये रुंद वर्तुळ म्हणजे कमजोर असं काही नसतं. बारा-पंधरा वर्षांच्या सागाची तक्रार येते ती वेगाची नसून वयाची असते. तरुण झाडात बाहेरचं पांढरं लाकूड जास्त आणि गाभा लहान, वाळवी आणि कुज यांना तोंड देणारी द्रव्यं गाभ्यातच असतात. म्हणजे त्याच झाडाला अजून वीस-पंचवीस वर्षं दिली असती तर तेच लाकूड घराच्या दारात तीन पिढ्या राहिलं असतं. पुन्हा वेळेचाच मुद्दा.

आणि बाजाराने दोन-चार नावांचा नाद सोडावा. सगळ्यांना सागच पाहिजे, शिसवच पाहिजे. त्या हव्यासापायी शिसवाच्या वंशातल्या (डाल्बर्जिया) सगळ्याच जातींचा व्यापार २०१७ पासून आंतरराष्ट्रीय परवान्याखाली आला. मिश्र जंगलात वीस जाती असतील तर वीस जातींना गिऱ्हाईक हवं, नाहीतर मालक उरलेल्या सतरा काढून टाकणारच, त्याचंही पोट आहे. ऐन, किंजळ, बिजा यांसारखं लाकूड नीट वाळवलं, म्हणजे घाई न करता सावलीत, दोन फळ्यांच्या मध्ये पट्ट्या ठेवून, टोकांना रंग लावून, तर बऱ्याच कामांना उत्तम चालतं. निम्म्या जाती "खराब लाकूड" ठरल्यात त्या फक्त ओल्या वापरल्यामुळे, मग फळी वळते, फाटते आणि नाव झाडाचं बद्दू.

लाकूड नीट सांभाळलेल्या जंगलातून आलंय असं सांगणाऱ्या सर्टिफिकेटबद्दल विचाराल तर ते देणारी एफएससी ही व्यवस्था १९९३ पासून आहे, पीईएफसी ही दुसरी १९९९ पासून, उपयोग आहे, पण मोठ्या कंपनीला ते सोपं आणि दोन हेक्टरवाल्याला कागदपत्रांचा खर्चच लाकडापेक्षा जास्त. युरोपियन युनियनने २०२३ मध्ये नियम केला की ३१ डिसेंबर २०२० नंतर जंगलतोड झालेल्या जमिनीवरचं लाकूड, कॉफी, रबर वगैरे त्यांच्याकडे चालणार नाही आणि प्लॉटचं ठिकाण अक्षांश-रेखांशासकट द्यायचं. अंमलबजावणी पुढे पुढे ढकलली गेलीय, पण दिशा तीच राहणार असं मला वाटतं. म्हणून आत्तापासून वही ठेवा.

पैशाचा प्रश्न खरा आहे. साठ वर्षं कोण थांबणार? कोस्टा रिकाने १९९६ च्या कायद्याने इंधनावरच्या करातून जमीनमालकांना उभ्या जंगलाबद्दल पैसे द्यायला सुरुवात केली, पाणी, कार्बन, जैवविविधता यांच्या बदल्यात. असं काही नसेल तर मधल्या काळाची सोय जमिनीवरच करावी लागते, बांबू, फळझाड, चारा, विरळणीतले वासे, आणि लांब पल्ल्याचं लाकूड त्यांच्या सावलीत वाढतं.

आता तुमच्या दोन हेक्टरचं. पहिलं वर्ष काहीही लावू नका. खरंच. कुंपण करा, चराई थांबवा, आग लागणार नाही असा पट्टा काढा आणि पावसानंतर दहा बाय दहा मीटरचे आठ-दहा चौकोन आखून त्यात काय काय उगवलंय, किती खुंटांना फुटवे आलेत ते मोजून लिहा. शेजारच्या ओढ्याकाठी किंवा जुन्या राखलेल्या तुकड्यात कुठली झाडं आहेत तीही बघा, तुमच्या मातीची पसंती तिथे लिहिलेली असते. जमीन मुळातच गवताची निघाली, झुडूप-खुंट काहीच नाही आणि आजूबाजूलाही तसंच, तर मोठा भाग गवतच राहू द्या आणि कडेने झाडं घ्या. चौकोनात चार-पाच तरी धड फुटवे मिळाले तर रोपं फक्त मोकळ्या जागांपुरती लागतील, तीसुद्धा ज्या जाती आपोआप येणार नाहीत त्यांची. ते आकडे आले की कळवा, मग कुठली रोपं, किती आणि कुठून बी आणायचं ते बसून ठरवू.